दोऱ्याने मोजलेले जबडे

खिशातल्या रिळाचा पांढरा दोरा तोडायचा, जिभेने ओला करायचा आणि कॉम्प्युटरच्या काचेवर चिकटवायचा, ही काकांच्या कामाची सुरुवात. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असतात. आम्ही रोज हसायचो.

स्वारगेटजवळच्या आमच्या ऑफिसात परदेशातून लहान मुलांच्या जबड्यांचे एक्स-रे यायचे. जबड्याच्या कडेवर सारख्या अंतरावर सतरा ठिपके द्यायचे, एवढंच काम. अंतर सारखं असेल तरच एका मुलाचा पाचवा ठिपका दुसऱ्याच्या पाचव्याशी ताडून पाहता येतो आणि कोणाचा जबडा कुठे वाकडा वाढतोय ते तिकडच्या डॉक्टरांना कळतं. आम्ही अंदाजाने ठिपके टाकत सुटायचो. दिवसाला चाळीस जबडे. मान आणि डोळे पार कामातून गेले होते.

काका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात उमेदीची वर्षं घालवून, व्हीआरएस घेऊन आलेले. ते कडेवरून दोरा फिरवायचे, तेवढाच कापायचे, चार वेळा दुमडून घड्यांवर पेनाने खुणा करायचे. मग तोच दोरा पुन्हा कडेवर बसवून खुणेखुणेला ठिपका. दिवसाला जेमतेम बारा जबडे.

"काका, जरा उरका की."

"वळणावर घाई नको. सरळ रेषेत काय, कोणीही शहाणा असतो."

एकदा म्हणाले, "मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. तेवढं निघू दे. मग तुमचे चाळीस तुम्हाला लखलाभ."

साहेबांनी मला सगळ्यांच्या कामावर शेरे लिहायला सांगितले. मी दमलो होतो आणि खरं सांगायचं तर चिडलोही होतो, कारण काकांचे उरलेले जबडे माझ्याच गळ्यात पडायचे. मी लिहिलं, 'अतिशय संथ.' आठवड्याभरात त्यांना काढलं. जाताना त्यांनी टेबल पुसलं आणि "येतो" म्हणाले.

दोन महिन्यांनी फायली परत आल्या. हनुवटीच्या वळणावर आम्हा सगळ्यांचे ठिपके विरळ पडले होते, त्यामुळे सगळी मुलं एकाच जागी वाकडी दिसत होती. काकांच्या फायली मात्र तिकडे ठेवून घेतल्या होत्या.

साहेबांनी मला येरवड्याला, काकांच्या घरी पाठवलं. मुलगी गळ्यात कॉल सेंटरचं कार्ड अडकवून बाहेर पडत होती.

"परीक्षा पुढच्या वर्षी देईल," काका म्हणाले. मला वर बघवेना.

"परत या, काका. साहेबांनीच निरोप दिलाय."

"रोजचे किती?"

"चाळीसच."

"मग पुन्हा तुम्हालाच शेरा लिहावा लागेल. साहेबांनी कागद दाखवला होता. अक्षर ओळखलं मी." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी निघताना त्यांनी ते रीळ माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी दोरा ओला करून काचेवर चिकटवला. मागे कोणीतरी हसलं. संध्याकाळपर्यंत अकरा जबडे झाले. काकांपेक्षा एक कमी.