सू-युएच्या खिडकीसमोरचा खांब

सू-युएला भीती कशाची म्हणून वाटत नाही, असं बंदरावरचे लोक म्हणत. ते खरं नव्हतं. तिला वादळाची भीती वाटे आणि थोडीशी सुनेची. पण दोन्हीही तिनं कधी चेहऱ्यावर दिसू दिल्या नाहीत, म्हणून तिचा दरारा टिकून होता.

तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, सू-आओच्या पलीकडे डोंगर जिथं समुद्रात पाय सोडून बसलाय, तिथल्या लहानशा बंदरात तिचं माशाच्या गोळ्यांच्या सुपाचं दुकान होतं. खाली दुकान, मध्ये अडगळ आणि तिसऱ्या मजल्यावर झोपायची खोली. गोळ्यांसाठी माशाचा लगदा ती अजूनही स्वतःच्या हातानं पाटावर आपटून मळत असे. यंत्रावर केलेल्या गोळ्यांचं नाव कुणी काढलं की म्हणायची, "खा की! रबरच चावायचंय तर मुलांची खोडरबरं काय वाईट?" गिऱ्हाईक हसायचं आणि आणखी एक वाडगा मागवायचं.

नवरा, आ-थिएन, दोन गड्यांना घेऊन लहान होडीतून बांगड्याच्या मागे जायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शरदातल्या वादळात त्याची होडी दुसऱ्या दिवशीही परतली नव्हती. मच्छीमार संघाच्या कचेरीत तेव्हा एकच वायरलेस होता आणि एक माणूस दारात उभा राहून, ज्यांचा पत्ता लागला त्यांची नावं ओरडून सांगायचा. सू-युए धक्क्यावर बायकांच्या घोळक्यात उभी होती. दर नावाला एक बाई घोळक्यातून बाहेर पडे आणि उरलेल्या जवळ सरकत. आ-थिएनचं नाव शेवटून दुसरं आलं. शेवटची बाई तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून सू-युएला वाट बघण्याचा मनस्वी राग होता.

मोबाइल आले तरी तो राग कमी व्हायचं कारण नव्हतं. डोंगर आडवा असल्यामुळे होडी धक्क्याचं टोक ओलांडून गेली की फोन मुका. मग गेल्या वसंतात गल्लीपलीकडच्या हुंगनं आपली गच्ची एका मोबाइल कंपनीला भाड्यानं दिली आणि सू-युएच्या खिडकीसमोर खांब उभा राहिला. काठी जरा लांबवली असती तर त्यावर धुणं वाळत घालता आलं असतं.

खांब चालू झाला त्या आठवड्यात, दुकानात ऐन गर्दी असताना तिचा फोन वाजला.

"आ-युए, भात टाक. तासाभरात येतो."

"कुठून बोलताय?"

"कुठून म्हणजे? समुद्रावरून! समोर बेट दिसतंय मला."

"एवढ्यासाठी फोन? माझं तेल जळतंय इकडे," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मग दुकानामागे गेली, नळ सोडला आणि त्याच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. इतकं सुख तिला मुलाच्या लग्नातही झालं नव्हतं.

गल्लीला मात्र हे सुख पचेना. शेजारच्या त्साओबाई माजाँगच्या डावात सलग हरू लागल्या, तो खांबाचा दोष. कुणाची झोप उडाली, कुणाच्या कोंबडीनं अंडी घालणं सोडलं. कंपनीचा एक पोरगेला इंजिनिअर यंत्र घेऊन आला, सू-युएच्या उशीवर ते ठेवून आकडा दाखवला आणि म्हणाला की दिव्याच्या बुडाशी जसा उजेड कमी, तशा खांबाच्या लहरी त्याच्या शेजारी कमीच पोचतात.

"त्याला पगार कोण देतं?" त्साओबाईंनी विचारलं. ते विचारणंही काही चुकीचं नव्हतं.

गल्लीत पांढऱ्या कापडाचे फलक लागले, 'आमची मुलं वाचवा' असे. सू-युए त्यांच्याखालून ये-जा करायची आणि तिच्या मनावर ओरखडाही उठत नव्हता. तो उठला पेई-चेनच्या एका वाक्यानं.

पेई-चेन तिची सून. यीलान शहरात एका कचेरीत हिशेब बघायची, बोलायला मऊ आणि ठरवलेलं मोडायला दगड. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. तिकडच्या रीतीनं सुनेचं बाळंतपण सासूनं करायचं. बाळंतिणीनं महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही आणि तिळाच्या तेलात, जुन्या आल्यात, तांदळाच्या दारूत शिजवलेली कोंबडी रोज खायची. सू-युएनं काळ्या कोंबड्या सांगून ठेवल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरची खोली रंगवून घेतली होती. स्वतःच्या सासूनं आपल्याला हा महिना कसा शिळ्या पेजेवर काढायला लावला ते ती विसरली नव्हती, आणि सुनेला त्याच्या बरोबर उलटं देऊन ते फेडायचं तिनं केव्हाच ठरवलं होतं.

पेई-चेन खोली बघायला आली. खिडकीशी गेली आणि पोटावर हात ठेवून मागे सरली.

"आई, मी तुम्हाला दोष देत नाही. पण बाळ या खिडकीखाली नाही निजवणार मी."

"अगं, त्या इंजिनिअरनं..."

"त्याचं खरंही असेल. पण मला इथं झोप नाही लागणार. तो खांब हलला तर मी आनंदानं येईन. नाहीतर तुम्ही दोघंच आमच्याकडे राहायला या ना, कायमचं."

कायमचं! दुकान, होडी, बंदर सोडून सातव्या मजल्यावर! सू-युए हसली, पण त्या रात्री तिला खांबानं नव्हे, त्या वाक्यानं जागं ठेवलं.

वस्तीच्या प्रमुखानं देवळाच्या अंगणात बैठक बोलावली होती. कंपनी म्हणत होती, गल्लीचा एकमतानं विरोध असेल तर खांब काढू. आणि गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं की खांब सगळ्यात जवळ सू-युएला, तेव्हा ती म्हणेल ते खरं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! खांब घालवावा तर समुद्र पुन्हा मुका, ठेवावा तर नातवंड परकं.

अशा वेळी बंदरावरची माणसं जिथं जातात तिथंच ती गेली. समुद्राच्या देवीपुढे, माझूपुढे, गुडघे टेकले, नाव-गाव-पत्ता सांगितला आणि चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी तुकडे ओंजळीत धरून विचारलं, "आई, खांबही राहावा आणि नातवंडही माझ्या घरी यावं, असं होईल ना?" तुकडे खाली टाकले. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देवी हसली. तिनं पुन्हा टाकले. पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच.

देवळातले म्हातारे चिउ आजोबा उदबत्त्यांची राख गोळा करत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अशा बाबतीत त्यांचे कान तरुण होते.

"एवढी वर्षं येतेस, आणि अजून विचारता येत नाही तुला. एका खेपेला दोन मागतेस! हसेल नाहीतर काय करेल ती? एकेक विचार."

सू-युएनं तुकडे उचलले. फक्त खांबाचं विचारायचं म्हणून डोळे मिटले, आणि मिटल्याबरोबर धक्क्यावर एकटी उरलेली ती बाई दिसली. तिनं डोळे उघडले. हे विचारण्यासारखं नव्हतंच. उरलं दुसरं, तर ते देवीला विचारून काय उपयोग? बाळ काही देवीच्या पोटात नव्हतं.

तिनं दोन्ही तुकडे जागेवर ठेवून दिले.

"का गं? टाकत नाहीस?"

"नको आजोबा. हसवलं तेवढं पुरे झालं."

बैठकीत ती फार बोललीच नाही. "खांब राहू द्या," म्हणाली. "खिडकी माझी सगळ्यात जवळ आहे आणि मी तिथंच झोपणार आहे. कुणाला काही व्हायचं असेल तर आधी मला होईल. मला काही झालं तर खुशाल उपटा."

"तुला काय, तुझी सून शहरात!" त्साओबाई फणकारल्या.

"हो ना," सू-युए म्हणाली. "तीच तर किंमत मोजतेय मी."

त्साओबाईंचा नवराही होडीवरच असायचा. त्यांनी फलक काढला नाही, पण वाऱ्यानं पडला तेव्हा परत लावलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सू-युए स्वतः यीलानला गेली. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती.

"खांब राहतोय, पेई-चेन. मी ठेवायला सांगितला. बाबा समुद्रावर असताना मला ऐकू यायला हवेत, त्याशिवाय मला राहवणार नाही."

पेई-चेनचे डोळे भरले. "म्हणजे मी यायचं नाही."

"तू नाही. मी येणार. दिवस गेल्याचं कळल्यापासून मी तुला पलंगावर कात्री ठेवू दिली का? भिंतीत खिळा ठोकू दिला का? बाळाला बाधतं म्हणून! ते कुठल्या इंजिनिअरनं मोजून दिलं होतं? तुझी भीती तुझी आहे, मी तिला हसणार नाही. माझीही तशीच आहे, तू तिला हसू नकोस."

मुलगी झाली. सू-युए रोज सकाळी दुकान गड्याच्या हवाली करून, कोंबडीचं भांडं कापडात बांधून आगगाडीनं जाऊ लागली. डब्यात आल्याचा आणि दारूचा वास सुटला की लोक विचारायचे, "नातू की नात?" आणि ती म्हणायची, "नात! डोळे माझे, हट्ट आईचा."

पेई-चेनच्या घरात सगळे फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवायचे आणि बाळाच्या खोलीत न्यायचे नाहीत, असा नियम होता. सू-युए तो मुकाट्यानं पाळत होती. बांगड्याचा हंगाम ऐन भरात असल्यानं आ-थिएनला किनाऱ्यावर श्वास घ्यायला वेळ नव्हता. नातीला त्यानं अजून पाहिलंही नव्हतं.

एका दुपारी फोन वाजला.

"आ-युए, रडते का गं ती? ऐकव जरा."

"फोन आत न्यायचा नाही, म्हातारबुवा. हंगाम संपला की या आणि ऐका."

"अगं, नुसतं दारातून..."

"नाही म्हटलं ना." तिनं आवाज करडा केला खरा, पण फोन ठेवला नाही. खांब आल्यापासून समुद्रावरून त्या माणसानं भातापलीकडे काही मागितलं नव्हतं.

मागे पावलं वाजली. पेई-चेन बाळाला घेऊन दारात उभी होती, पायांत मोजेसुद्धा नव्हते.

"आई, द्या इकडे."

"अनवाणी कशाला आलीस? आणि अगं, हा फोन..."

"द्या."

तिनं फोन घेतला आणि हात ताणता येईल तितका लांब धरला. "बाबा, ऐका हं."

बाळ नेमकं गप्प झालं. पलीकडून होडीच्या इंजिनाची धडधड तेवढी येत होती.

"काही ऐकू येत नाही गं पोरी," आ-थिएन ओरडला. मग गड्यावर खेकसला, "अरे बंद कर ते इंजिन! बंद कर म्हणतो ना!"

धडधड थांबली. ऐन हंगामात, माशांच्या थव्यावर, तीन माणसं कान देऊन उभी राहिली. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि उचकीएवढा आवाज काढला.

"आला का?" पेई-चेननं विचारलं.

"थोडासा. लांबून आल्यासारखा."

पेई-चेननं सासूकडे पाहिलं. सू-युएनं नजर कोंबडीच्या भांड्याकडे वळवली. मग पेई-चेननं कोपर दुमडलं आणि फोन बाळाच्या ओठांशी नेला.