जीपभर नामंजूर

तलवाड्याहून साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला निघालेल्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. सगळे सभासद, पण एकमेकांना अनोळखी. भर दुष्काळात तलावाचं उरलेलं पाणी कारखान्याला देण्याचा ठराव त्या दिवशी येणार होता.

माझ्यासमोर पदर खोचून बसलेली एक वयस्क बाई प्रत्येकाला गाव विचारी, पाणी कुठून आणता ते विचारी आणि त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणे, "सभेत काय म्हननार? म्हना बरं, नामंजूर!"

एक म्हातारा हसला. "मावशे, चेअरमनच्या म्होरं कोन बोलतंय?"

"तलाव त्याच्या बापानं खांदला काय? दुष्काळी कामावर माती आमी वाहिली. म्हना!"

उतरेपर्यंत सगळी जीप ओरडत होती.

सभेत ठराव वाचून व्हायच्या आत पुढे आणून बसवलेल्या माणसांनी "मंजूर, मंजूर"चा गजर केला. याला हे लोक सहकार म्हणतात! तेवढ्यात मागून ती उठली. "नामंजूर!" मग म्हातारा, मग मी, मग आमची सगळी जीप. चेअरमनने मान वर केली नाही. ठराव एकमताने मंजूर झाल्याचं माइकवरून जाहीर झालं.

परतताना त्याच जीपमध्ये मी रागाने चेअरमनला शिव्या घालत होतो. बाकीचे खाली बघत होते.

"तोंडं पाडली कावून?" ती म्हणाली. "आज जीपभर होतो. पुढच्या सभेला पुन्हा एका जीपमधी बसायचं न्हाई. परतेकानं येगळी जीप धरायची."