मालकाच्या तोंडाचं माप

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. हातात मेणात बसवलेले वरचे दात होते आणि ते ती दिव्याखाली फिरवून बघत होती. कवळ्या तयार करणाऱ्या त्या तीन खोल्यांच्या कारखान्याची मालकीण होऊन तिला चार महिने झाले होते. त्याआधी बरीच वर्षं ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. कवळी तोंडात गेल्यावर काय होतं हे तिला पाठ होतं, तोंडात जाण्याआधी काय होतं ते ती आता शिकत होती. जुने मालक एका दुपारी खुर्चीतच गेले आणि त्यांच्या बायकोने जागा, पॉलिशचं यंत्र, दात शिजवायची टाकी आणि तीन माणसं असा सगळा संसार एकदमच विकला.

“दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,” तिचा थोरला भाऊ म्हणाला होता, “तू तर दुसऱ्यांच्या दातांवर भरणार!”

तीन माणसांतला एक प्लॅस्टर ओतायचा. पापण्यांपर्यंत पांढरा असायचा म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. पॉलिशच्या यंत्रावर मावशी होत्या, त्यांचा आवाज यंत्रापेक्षा मोठा. आणि मेणात दात बसवायचे मामा. ते कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारखाना म्हणजे खरं तर मामांचे दोन हात, हे मात्र तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

विकत घेतलेली माणसं त्रास देतात, असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं. ह्यांनी अजिबात दिला नाही. तिने जेवणाची सुट्टी बदलली. हो मॅडम. दिवे बदलले. हो मॅडम. टेबलं उलटी लावली, तर दुसऱ्या दिवशी तिघं उलट्या टेबलांशी अशी बसली होती जशी जन्मापासून तिथेच बसत आली असावीत. फक्त ती खोलीत आली की बोलणं थांबायचं, आणि तिघांची नजर तिच्या डोळ्यांवर नाही, जराशी खाली टेकायची.

“मावशी, माझ्या हनुवटीला काही लागलंय का?” तिने एकदा विचारलं.

“छे हो मॅडम. हसा की जरा. हसतच नाही तुम्ही.”

तिला वाटलं, थट्टा आहे.

पहिल्यांदा तिला ते दिसलं बँकेच्या रांगेत. पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मागे वळून तिला जागा दिली आणि ते हसले. समोरच्या दोन दातांत बारीक फट, डावा सुळा किंचित पुढे. चेहरा परका होता, हसू ओळखीचं होतं. घरी जाईपर्यंत तिला आठवेना. दुसऱ्या दिवशी कारखान्याचं दार उघडलं, तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या फोटोतून जुने मालक तेच हसत होते.

मग ते जागोजागी दिसायला लागलं. भाजीवालीच्या सासूच्या तोंडात. लिफ्टमध्ये, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या तोंडात. एकदा रस्ता ओलांडताना समोरून येणारी एक अनोळखी बाई हसली आणि ती दचकून मागे सरली, तेव्हा कुणी तरी हॉर्न वाजवून तिच्या आईचा उद्धार केला.

ती कुणाला काही बोलली नाही. पण सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. कारखान्याचं निम्म्याहून जास्त काम ह्या एकाच दवाखान्यातून यायचं.

“मॅडम, शनिवारी माझ्या बाकावर दोन म्हातारी माणसं बसली होती,” डॉक्टर म्हणाले. “एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. एकमेकांकडे बघून हसली, आणि मला वाटलं, बहीणभाऊ आलेत. मी मागच्या फायलींतले फोटो काढून बघितले. बहुतेक तसेच. हे काय चाललंय?”

“मी बघते.”

“बघा. पुढच्या आठवड्यात एका आजींची ट्रायल आहे, मेणातले दात तोंडात घालून बघायची. त्यांच्या तोंडातसुद्धा हाच मनुष्य हसला, तर मी काम दुसरीकडे देणार. राग मानू नका.”

दुसरीकडे दिलं तर कारखाना दोन महिन्यांत बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ती थेट मामांपुढे जाऊन उभी राहिली. मामा काहीही न लपवता उठले आणि वरच्या फळीवरून प्लॅस्टरचा एक साचा उतरवून त्यांनी टेबलावर ठेवला. हाताळून हाताळून तो हस्तिदंतासारखा पिवळा झाला होता. समोर फट होती, डावा सुळा पुढे होता.

“पेशंटचा तरुणपणीचा फोटो आला तर फोटोवरून,” मामा म्हणाले. “नाही आला तर मालकांवरून. इथली रीतच आहे मॅडम. दात सुटे येतात, खोक्यातून. त्यांना कुणाचा तरी चेहरा लागतोच ना?”

“मालक गेले मामा.”

“हो. पण दुसरं माप कुठंय?”

तिने साचा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आजींसाठी नवे दात बसवा, म्हणाली, फट नको, सुळा सरळ हवा. हो मॅडम. दुपारी मामांनी काम दाखवलं. फट नव्हती, सुळा सरळ होता. तिने ते जबड्यासारख्या मिटणाऱ्या जोडीच्या कडीत अडकवून उघडझाप केली. जुने मालक ओठ मिटून हसले असते तर असेच दिसले असते.

“हे तुम्ही मुद्दाम केलंत?”

“नाही मॅडम. तुम्ही म्हणालात तसंच केलं. हात तिकडंच जातो, त्याला मी काय करू?” मामांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, उलट थोडी लाज होती. “वळण लागलंय. दुसरं लागेपर्यंत हेच राहणार.”

तिने दुसरा माणूस बघायचा विचार केला. आसपास तसा माणूस नव्हता, आणि मामा गेले तर उरलेले दोघं त्यांच्या मागे जाणार हे उघड होतं. ह्यातच आठवडा गेला. ट्रायल उद्यावर आली होती आणि आजींचा फोटो नव्हता. त्यांच्या सुनेने सांगून टाकलं होतं, “सासूबाई कधी हसल्याच नाहीत, फोटो कुठून आणू?”

“मामा,” तिने विचारलं, “ह्या मालकांच्या आधी?”

मामांनी मान वर केली. फळीच्या कोपऱ्यात आणखी एक साचा होता, त्याहून जुना. रुंद, चपटे, आखूड दात. जुन्या मालकांचे वडील. बगळा मागून म्हणाला, “नव्वदीतली जी म्हातारी माणसं आहेत ना मॅडम, ती सगळी असंच हसतात. बघा कधी.”

“आता उरलीत किती?” मावशी म्हणाल्या. “चारपाच असतील बाई.”

कुणी हसलं नाही. तो साचा आणि कपाटात गेलेल्या साच्याची जागा सोडून शेजारी आणखी एक जागा रिकामी होती. बाकी सगळीकडे प्लॅस्टरची धूळ होती, तेवढी जागा पुसलेली होती.

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“असं कसं सांगायचं?” मामा म्हणाले. “मालकाने आपणहून तोंडाचं माप द्यायचं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत, आम्हाला वाटलं, तुम्ही पुढे विकणार असाल.”

बगळ्याने वाटीत माप घ्यायची गुलाबी पावडर घेतली होतीच. मामांनी खणातून तोंडात धरायचा एक ट्रे काढला, तिच्याच मापाचा, धुतलेला, कागदात गुंडाळलेला.

“माझा आकार तुम्हाला कसा कळला?”

“डबा खाताना बघतो ना आम्ही,” मावशी म्हणाल्या.

ती खुर्चीत बसली. जुने मालक जिच्यात गेले तीच खुर्ची, दुसरी नव्हती. दवाखान्यात तिने शेकडो लोकांना सांगितलं होतं, नाकाने श्वास घ्या, काही होत नाही. आता ते तिला कुणीच सांगितलं नाही. थंड लगदा टाळूला चिकटला, घशाकडे सरकला, आणि तिघं वाकून तिच्या तोंडात बघत राहिली, चार महिने बघत होती तशीच, फक्त आता जवळून. ट्रे निघताना ओला आवाज झाला.

प्लॅस्टर घट्ट झाल्यावर मामांनी साचा उलटा करून तिच्या पुढे धरला. तिचंच तोंड, पांढरं, तिच्याशिवाय. पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता.

“हा चढलेला ठेवायचा का सरळ करायचा?”

तिला बँकेची रांग दिसली, लिफ्ट दिसली, रस्ता दिसला. डॉक्टरांच्या हे नवं हसू लक्षात यायला दहा वर्षं तरी लागतील, हेही तिने मनात धरलं. एवढ्यात मामांचा अंगठा आपण होऊन त्या दातावरून फिरायला लागला होता.

“ठेवा,” ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत आजींचे दात पुन्हा मेणात बसले. तिने ते दिव्याखाली धरले नाहीत, तसेच डबीत घातले. उद्या नऊ वाजता बगळा डबी घेऊन निघेल, आणि अकरा वाजता दवाखान्यात आजींच्या हातात आरसा दिला जाईल.