क्योलर, आणि माझं आडनाव

दहावीचा फॉर्म भरायच्या आत आडनाव बदलून द्या, म्हणून मुलगी दिवाळीपासून मागे लागली होती. एकदा बोर्डाच्या सर्टिफिकेटवर छापलं की जन्माचं चिकटलं, हे तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. राजपत्रासाठीचा अर्ज तिनेच भरून ठेवला होता. ती अजून अठराची नाही, म्हणून सही तेवढी माझी हवी होती. मी आज करतो, उद्या करतो म्हणत होतो. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. पन्नास वर्षं ते आडनाव वागवायचा कंटाळा, आणि आता ते टाकायचाही.

त्यात तो जर्मन आला. साठीचा, उंच, अखंड बोलणारा माणूस. आपल्याकडच्या बिनधुराच्या चुली बघायला आलेला. मी चंद्रपुरात इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाषा म्हणून मला त्याच्यासोबत धाडलं. धानोऱ्याच्या पुढच्या रस्त्यानं जीपमध्ये माझी कंबर कामातून गेली, आणि हा पठ्ठ्या आपल्या आडनावाची कुळकथा लावून बसला. आडनाव क्योलर. म्हणजे जंगलात कोळसा पाडणारा. लाकडं रचायची, वरून गवत-माती लिंपायची, आत धग धरायची आणि दिवसचे दिवस तिची राखण करायची. लोखंड गाळणाऱ्यांना, काच करणाऱ्यांना तोच कोळसा लागे. पण कोळसेवाला रानात राहणारा, तोंड काळं, म्हणून गाव त्याला लांबच ठेवी. पुढे दप्तरात नावं चढू लागली तेव्हा कामाचंच आडनाव करून टाकलं, आणि भट्ट्या विझल्या तरी ते राहिलं. डोळे झाकून ठेवलेल्या विश्वासाला त्यांच्या भाषेत आजही कोळसेवाल्याची श्रद्धा म्हणतात म्हणे. हे सांगताना तो इतका खूश होता की मला त्याचा हेवा वाटला. रागही आला.

गावात पोचलो तर चुली राहिल्या बाजूला. ज्या गोंड म्हाताऱ्याच्या घरी बसलो, त्याने पाणी देऊन पहिलं आडनावच विचारलं. तिथे ती रीतच आहे. आडनावावरून कळतं कोण किती देवांचा. देव सारखे असले तर भाऊबंद, वेगळे असले तर सोयरीक जुळू शकते. पाहुण्याला काय म्हणून हाक मारायची, हे त्यावर ठरतं. मी क्योलरचा अर्थ सांगितला, तशी म्हाताऱ्याने मान वर केली.

"कोळशाची भट्टी लावते? मंग ह्याले फारेष्टवाले पकडत नाई का जी?"

मी जर्मनाला ते सांगितलं. तो मांडीवर थाप मारून हसला. म्हातारा मात्र हसला नाही. त्याने काळजीने पुन्हा विचारलं, "आन् देव किती त्याचे?"

"एक," जर्मन म्हणाला.

"एकच? मंग सोयरे कुठून भेटते ह्याले?"

मग माझी पाळी. मी आडनाव न अडखळता सांगितलं, कारण त्याला त्यातून फक्त देव मोजायचे होते. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देव सोडले, हेही सांगितलं. म्हाताऱ्याने मोजायला धरलेली बोटं सोडली. शेवटी म्हणाला, "मंग तुमाले भाऊच मनतो. चालते नं?"

चालते, म्हणालो. त्या दिवसात तेवढंच एक बरं वाटलं.

परतताना जीपमध्ये क्योलरने विचारलं, "तुमच्या आडनावाचा अर्थ काय?" आमचंही कामावरूनच पडलेलं. मेलेलं ढोर ओढायचं काम. गावाने लादलेलं, आणि कुठल्या तरी कारकुनाने नावापुढे चढवलेलं. त्याच्यासारखंच मांडीवर थाप मारून सांगता आलं असतं. पण त्याचा कोळसा केव्हाच विझला. माझं आडनाव ऐकून मागच्याच महिन्यात नव्या सहकाऱ्याने पुढे केलेला डबा मागे घेतला. मी म्हणालो, "गावाचं नाव आहे." त्याने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

घरी आलो तर मुलगी अर्ज घेऊन बसलेलीच. मी दिवसभराचं सगळं सांगितलं, म्हाताऱ्याचं सांगून तिला हसवलं. क्योलरचा शेवटचा प्रश्न लपवणार होतो, पण तिनेच विचारलं.

"आन् आपल्या आडनावाचं काय सांगतलं तुमी त्याले?"

"गावाचं नाव म्हणून सांगितलं."

तिला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. "मंग बाबा, तुमी तर तोंडानं बदलवलंच," ती म्हणाली. "मी फक्त कागदावर मागून राह्यली."

मी पेन घेतलं. वडिलांची सही पूर्ण नावानं लागते, म्हणून तिच्या नव्या आडनावाखाली मी माझं जुनं लिहिलं. आयुष्यभर ते घाईत, शेवटची अक्षरं गिळून लिहीत आलो होतो. तिथे मात्र एकेक अक्षर नीट काढलं.