निवटीच्या रंगाचा दोरा

माझ्या सासूबाईंची रिळं डब्यात कधीच नव्हती. कोपरखैरण्यातल्या आमच्या घरी खिडकीच्या ग्रिलला सासऱ्यांच्या मासेमारीच्या जुन्या जाळ्याची दोरी आडवी बांधलेली आणि तिच्यात सगळी रिळं ओवलेली. मधलं एखादं हवं असेल तर एका बाजूने उतरवत यायचं, हवं ते काढायचं, बाकीची परत ओवायची. लग्न होऊन आले तेव्हा मी मोठ्या हौसेने कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा आणला होता. त्यात आता लसूण असतो.

आयुष्यभर त्यांनी गावातल्या बायकांची पोलकी शिवली. रंगांना त्यांची नावं माशांची. सोनेरी पिवळा म्हणजे मांदेली, पांढुरका म्हणजे बोंबील, केशरी म्हणजे उकडलेली कोळंबी. मी साताऱ्याकडची. मला ताटातला मासा ओळखता येत नव्हता, तर रिळातला कुठून येणार? त्यात निवटी, म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा, आणि चिंबोरी, म्हणजे खेकडा, या दोघींनी तर माझा जीव खाल्ला. निवटीचं रीळ चिखलासारखं तपकिरी, चिंबोरीचं काळपट हिरव्याकडे झुकणारं. मला दोन्ही चिखलच. निवटी मागितली की मी हमखास चिंबोरी न्यायचे आणि त्या ओरडायच्या, "ही चिंबोरी हाय गो! मना निवटी पायजे. आन!" खरं सांगते, त्या 'आन'चा मला भयंकर राग यायचा.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर बोलणंही. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. पोटच्या मुलाचं नावसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बोलत राहा, एखादा शब्द परत आला की त्याच्यामागून बाकीचे येतील. कधी, ते मात्र सांगता येणार नाही. मी बोलत राहिले. दूध, भाजी, सोसायटीचं पाणी, जे सुचेल ते. त्या खिडकीकडे बघत बसायच्या. महिने गेले तसं घरातल्या सगळ्यांनी हळूहळू आशा सोडली. मी सोडली नव्हती असं म्हणणार नाही.

त्या फार वाळल्या होत्या. पोलकी अंगावर लोंबायला लागली, म्हणून एका दुपारी त्यांचं तपकिरी पोलकं उसवून मी पहिल्यांदाच त्यांच्या मशीनवर बसले. त्यांची खुर्ची शेजारी ओढली. दोरीवरून रीळ उतरवलं, खुंटीवर लावलं, दोरा ताणाच्या चकत्यांमधून घेतला आणि थेट सुईत ओवला. पाय मारला, तर तटकन तुटला. मधल्या वरखाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून तो घ्यायचा राहिला होता. इतकी वर्षं समोर बसून नुसतं बघितलं, त्याचा हा उपयोग.

चरफडत पुन्हा ओवायला घेतला, तेवढ्यात त्यांचा डावा हात पुढे आला आणि त्यांनी रीळ खुंटीवरून उचललं. मला वाटलं, दोरा कसा घ्यायचा ते दाखवताहेत. पण त्यांचे ओठ हलत होते. कपाळावरची शीर ताठली होती.

"नि... निवटी."

मी त्यांच्या हातातलं रीळ उजेडात बघितलं. हिरवट. मी चिंबोरीच लावली होती.

"आई, काय म्हणालात?"

"निवटी," त्या पुन्हा म्हणाल्या. आणि मग चिडून, अगदी पूर्वीसारख्या, "आन!"

मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. उठून खिडकीशी गेले. निवटी समोरच होती आणि या वेळी मला ती लख्ख ओळखू आली. पण मला अजून ओरडा खायचा होता. मी दोरीच्या टोकाचं मांदेलीचं पिवळंधमक रीळ उतरवलं आणि "हेच ना?" म्हणत त्यांच्यापुढे धरलं.