कुकरात शिजलेलं कोसाड

उधन्याच्या एका साडी छापणाऱ्या मिलमध्ये निंबा रंग कालवायचा. मूळचा शिरपूरकडचा, तापीकाठचा. लग्नानंतर पोटासाठी सुरतेला आला आणि इथलाच झाला.

मिलमधला रंग ही मोठी फसवी चीज. डब्यात असतो तेव्हा लाल विटकरी दिसतो आणि निळा राखेसारखा. कापडावर छापला तरी मळकटच. कापड वाफेच्या खोलीतून बाहेर आलं की मग कुठे तो आपलं खरं रूप दाखवतो. नवे कामगार या रंगांना वर्ष वर्ष फसत, निंबा मात्र मळकट डब्यात डोकावून पुढची साडी बघायचा. या एका गुणापायी त्याला चित्र काढायची खोड लागली, आणि खोड म्हटली की ती काही जाता जात नाही.

सुट्टीच्या दिवशी तो सायकल काढायचा, अमरोलीचा पूल ओलांडायचा आणि कोसाड गावच्या शेतांत जाऊन बसायचा. तिकडे वसाहती उठू लागल्या होत्या, तरी ऊस होता, भेंडीचे वाफे होते, बांधावर बाभळी होत्या. मिलमध्ये उरलेल्या पांढऱ्या कापडाचा तुकडा फळीवर ताणायचा, तळाला राहिलेल्या रंगांच्या वाट्या मांडायच्या आणि नुसते ठिपके, फटकारे मारत सुटायचं. ऊन उसावर पडलं की ऊस हिरवा राहत नाही, पिवळा होतो, सावलीत चक्क जांभळा होतो. निंबाला जे दिसे तेच तो काढी. एकदा मिलच्या डिझाइन मास्टरने चित्र हातात घेऊन विचारलं, "निंबाभाई, झाडनी लाइन क्यां छे?"

"साहेब, झाडने लाइन होय ज क्यां?" निंबा म्हणाला, त्याच्या लेखी झाडाला कडेची रेघ नसतेच. मास्टर हसला आणि आपल्या कामाला लागला. निंबालाही त्याचं काही वाटलं नाही. दुपारी बाभळीखाली भाकरी खाऊन टोपी तोंडावर घेऊन पडावं, उठल्यावर ऊन बदललेलं असावं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, यापेक्षा मोठं सुख त्याला ठाऊक नव्हतं.

अडचण एकच. चित्र पक्कं करायला वाफ हवी. मिलच्या खोलीत खासगी कापड घालायची सोय नव्हती. मग निंबाने ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरच्या कुकरात घातलं. बायकोने, मंगलाबाईने, पहिल्या शिट्टीला रंगाचा वास सुटला तशी झाकणावर फडकं टाकलं.

"कुकर वरन शिजाडाले शे का तुमना रंग शिजाडाले?"

भांडण आठवडाभर चाललं. शेवटी भावाने दिलेला तो कुकर तिने रंगाला सोडून दिला आणि स्वतः पातेल्यात डाळ शिजवू लागली. एवढं केलं, पण शिजून निघालेलं चित्र तिला कधी उमगलं नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, असं म्हणून ती ते पेटीत टाकायची. निंबा वर्षानुवर्षं तिच्या तोंडाकडे बघायचा. मास्टर हसला ते सोसलं, पण हिने एकदा तरी 'हा ऊस' म्हणावं, एवढीच त्याची आस होती. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय?

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पळापळीला दोनेक वर्षं झाली असतील. त्या श्रावणात भाऊबंदांची कानबाई निंबाच्या घरी बसायची होती. खानदेशी माणूस सुरतेत कितीही रुळला तरी कानबाई सोडत नाही. रविवारी चौरंगावर नारळाची देवी मांडायची, रोट करायचे, सोमवारी तिला तापीत पोचवायची. देवीच्या मागे पडदा लागतो. मंगलाबाईने बाजारात मोरांचा पडदा हेरून ठेवला होता. निंबा म्हणाला, "मी काढस ना."

रोटाचे गहू निवडता निवडता मंगलाबाई म्हणाली, "काढा. पन भाऊबंद हासनात ते मनं नाक जाई, तुमनं नही."

निंबाने दोन सुट्ट्या कोसाडला घालवल्या. कापड चांगलं दोन हात उंच घेतलं. वरच्या निम्म्यात बाभळी, ऊस, सकाळचं आभाळ भरून काढलं. खालचं निम्मं कोरं ठेवलं, तिथे चौरंग येणार होता. शनिवारी ते कुकरात घालायला घेतलं तर मावेना. थर थर कागद घालून गुंडाळलं, पण त्याआधीची, अगदी मधोमधची आडवी घडी त्याने घाईत तशीच घातली. आत कागद घालायचा राहून गेला. वाफेत रंग उडतो आणि समोरच्या कापडावर बसतो, हे मिलमधलं शेंबडं पोरही सांगेल. निंबा ते रोज दुसऱ्यांना बजावायचा.

उलगडलं तेव्हा वरची झाडं खालच्या कोऱ्या कापडावर उलटी उमटली होती. फिकट, पसरट, डाग पडल्यासारखी. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. मंगलाबाईने डोळ्याला पदर लावला. बाजार बंद झाला होता आणि सकाळी माणसं यायची होती. तिने खिळे ठोकले, पडदा टांगला आणि चौरंग होईल तितका पुढे सरकवून खालचा भाग झाकायला बघितला. तो काही झाकला जाईना.

रविवारी घर भरलं. निंबा दाराशी चपला सारख्या करत उभा राहिला, आत जायची हिंमत होईना. बायका गाणी म्हणत होत्या. त्याची चुलती कलाबाई गावाहून आली होती. ती गाता गाता थांबली.

"निंबा, हाई आपली तापीच शे ना रे? पानीमा झाडं दखाई ऱ्हायनात."

सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. निंबाला खोटं बोलवेना. "काकू, ते चुकीसन..." एवढं त्याने म्हटलं असेल नसेल, मंगलाबाई मधेच म्हणाली, "मुद्दाम काढेल शे त्यास्नी. आठ दिन खपनात."

भाऊबंद हसले नाहीत. दोघंतिघं जवळ जाऊन बघून आले. मंगलाबाईचं नाक राहिलं. निंबाला बरं वाटलं, पण पुरतं नाही. बायकोने आपली लाज झाकली, आपलं चित्र पाहिलं नाही, हे त्याला कळत होतं.

सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन सगळे वाजतगाजत तापीवर गेले. पाणी गढूळ होतं, पण काठाशी संथ होतं. देवी पोचवून झाल्यावर बायका वर चढू लागल्या. मंगलाबाई गुडघाभर पाण्यात तशीच उभी राहिली. निंबा तिला बोलवायला खाली उतरला.

ती समोरच्या काठाकडे बघत होती. तिकडची झाडं पाण्यात उलटी पडली होती, फिकट, पसरट, कडेला कुठेच रेघ नसलेली. वर ऊन लागलेला शेंडा पिवळा होता आणि खालची सावली जांभळी.

"अहो," ती म्हणाली, "तुमी काढेल शे तसंच शे हाई."

चपला काढायचंही भान न राहता निंबा पाण्यात तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.