कातडीखालची करकर

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी स्वादुपिंडाचं जुनं दुखणं म्हटलं की गावातला जो तो ह्यांच्याकडं बघून गालात हसायचा. भांडून भांडून माझं तोंड दुखलं. ह्यांना लग्नाच्या आधीपासून कळा यायच्या. कळ आली की उशी पोटाशी धरायची, भिंतीकडं तोंड करायचं आणि अंगठा मुठीत आवळायचा. आम्ही शेवंतीच्या तोडणीला जायचो, परत यायचो, हे तिथंच. शेवटी शेवटी तर कुणी विचारायचंसुद्धा नाही.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाच्या नळीत खडे अडकलेत, तोंडातून दुर्बीण घालून काढू आणि आत प्लास्टिकची बारीक नळी ठेवू. सही घेताना त्यांनी रक्तस्राव, सूज, आतड्याला भोक, असं सगळं वाचून दाखवलं. मी ऐकलं आणि सही केली. न करून सांगते कुणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडलं. निघताना नर्स म्हणाली, "पोटात दुखलं तर लगेच या." आता ज्याचं पोट वर्षानुवर्षं दुखतंय, त्याला हे सांगून काय उपयोग! ह्यांनी आपली मान हलवली.

कासुर्डीत पोचलो आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला आलेल्यानं चहा घ्यायचाच, आणि आजाऱ्यानंही उठून त्याच्यासोबत दोन घोट घ्यायचे. नाही घेतले तर येणाऱ्याला वाटतं, आपलं येणं खटकलं. डॉक्टरांनी तर त्या दिवशी पाण्याशिवाय काही नको म्हणून बजावलेलं. मी दोन-तीनदा हातातून कप काढून घेतला, तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्यावरच डाफरल्या. हे बिचारे ज्याच्या त्याच्यासोबत घोट घोट पीत राहिले. उशी पोटाशी होतीच. मला वाटलं, नेहमीचंच.

उन्हं कलली, माणसं पांगली. मी आत कपबश्या विसळत होते. "पाणी दे," कोणीतरी म्हणालं. आवाज ह्यांचा नव्हता. नाकातला, उंच, कधी न ऐकलेल्या माणसाचा. कोण आलं म्हणून मी दाराबाहेर बघितलं, अंगणात चिटपाखरू नव्हतं. "पाणी दे गं," परत तोच आवाज. ओठ ह्यांचे हलत होते. खोटं कशाला सांगू, भरलेला तांब्या हातात घेऊन मी उंबऱ्यातच थांबले.

आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या, ह्यांच्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा जळून कोळसा झाला, पण कुणाला साधा ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर, असं मानतात. ह्यांची मान फुगल्यासारखी दिसत होती, म्हणून मी तेलाचा हात फिरवायला गेले, तर बोटांखाली करकर वाजलं. उसाच्या वाळक्या पाचटावर पाय पडल्यासारखं, पण कातडीच्या आत. मी हात मागं घेतला. पुन्हा लावला. दाबावं तिथं वाजायचं आणि बोटाखालून पुढं सरकायचं.

आत्याबाईंनीही हात लावून बघितला आणि पदराला पुसला.

"ह्यो माझा ल्योक न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "वाटंत कायतरी बसलंय ह्याच्यात. दौंडच्या अलीकडं एक जाणता हाय. आधी तिकडं न्यायाचं."

दिरानं गाडी काढली. आत्याबाई पुढं बसल्या. मागं ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर, डोळे मिटलेले, तोंडातून शब्द नाही. गाडी सोलापूर रस्त्याला लागली की एकीकडं पुणं, एकीकडं दौंड. तिथं दिरानं गाडी थांबवली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, कुठं घेऊ?"

"सांगितलं ना, दौंड," आत्याबाई म्हणाल्या.

मी काही शहाणी नव्हते. मलाही ते भूतच वाटत होतं, आणि ते माझ्या मांडीवर होतं. पण ह्यांची मूठ माझ्या हातात होती. चाचपून बघितलं, अंगठा आत आवळलेला. भूत असलं तरी त्याचं पोट दुखत होतं.

"भावजी, पुण्याला घ्या," मी म्हणाले. "आन् आत्याबाईंना यायचं नसंल तर त्यांना हितंच उतरवा."

त्यांना असं मी कधी बोलले नव्हते. त्या उतरल्या नाहीत. रस्ताभर एकदाही मागं वळून बघितलं नाही.

डॉक्टरांनी मानेवर बोट दाबलं, करकर वाजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुर्बिणीच्या वेळी आतड्याला भोक पडलं होतं. तिथून निसटलेली हवा कातडीखालून वर चढत मानेत शिरली होती, आवाज तिनंच बदलला होता. मला राग आला, रडू आलं, आणि खरं म्हणजे हायसंही वाटलं. हवाच होती ती. लगेच ऑपरेशन झालं. हे वाचतील की नाही, ते सांगायला बरेच दिवस कुणीही तयार नव्हतं.

वाचले. मानेतली हवा हळूहळू जिरली आणि आवाज परत ह्यांचा झाला. वॉर्डात भिंतीला टेकून बसायला लागले, तेव्हा एके दुपारी मी जरा रागानंच विचारलं, "गाडीत एवढा जीव चालला होता, तर तोंड का उघडलं नाही? पुण्याला न्या, एवढं तरी म्हणायचं."



"म्हणणार हुतो," हे म्हणाले. "पण आय घरात काय बोलली ते ऐकलं हुतं मी. तसल्या आवाजात बोललो असतो, तर तू पण हात सोडला असतास."